बायरने विचारली लिमिटेशन, उत्तरात गेली लिमिट

पत्र:

सर, नमस्कार.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ऑफिस सांभाळते. बिलं, बँक, एक्सपोर्टची कागदपत्रं आणि बायरचे मेल हे सगळं माझ्याकडेच असतं. घरी तेलुगू, शाळा मराठी, इंग्रजीतून शिकायची वेळ बी.कॉम.ला आली. तरी आजवर निभावून नेलं.

गेल्या महिन्यात परदेशातल्या एका बायरचा मेल आला. हॉटेलसाठी गडद निळे टॉवेल हवेत, 'व्हॉट आर द लिमिटेशन्स ऑफ धिस डाय?' असं त्यांनी विचारलं होतं. मी कळवलं, एका लॉटला, म्हणजे एका वेळी रंगवायला, ५०० किलो. लगेच उलट मेल आला, 'दॅट इज युअर बॅच लिमिट. आय आस्क्ड अबाउट द लिमिटेशन्स.' त्याची कॉपी आमच्या धाकट्या मालकांनाही होती. ते सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "काय ओ ताई, एवढं पण कळंना का? दहावीचं पोरगं सांगंल की हे." त्या दिवसापासून मेल उघडायचा म्हटलं की हात थांबतो. ऑफिसात इंग्रजी माध्यमातली एक मुलगी नवीन लागली आहे. मेलचं काम तिच्याकडे देऊन मोकळं व्हावं असं वाटतंय.

डिक्शनरीत दोन्ही शब्दांना 'मर्यादा' असंच दिलंय. मग फरक काय? आणि अजून एक. परगावच्या एका व्यापाऱ्याकडे आमची जुनी बाकी अडकली आहे, अडीच वर्षं होत आली. आमचे सीए म्हणाले, "लिमिटेशन बघून घ्या." इथे लिमिटेशनचा काय संबंध?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर:

ताई,

डिक्शनरीत चूक नाही. मराठीत 'मर्यादा' हा एकच शब्द दोन्हीकडे राबतो आणि बोलताना आपली कधी अडचण होत नाही, कारण पुढचं क्रियापद आपोआप बदलतं. वयोमर्यादा ठरवतात, वाढवतात, ओलांडतात. खर्चाला मर्यादा घालतात. पण भांडवल कमी असलं की धंद्याला मर्यादा पडतात, गुडघे दुखायला लागले की फिरण्यावर मर्यादा येतात. जी मर्यादा ठरवता, घालता, गाठता, वाढवता किंवा ओलांडता येते ती इंग्रजीतली लिमिट. जी पडते, येते किंवा जाणवते आणि बहुतेक वेळा 'मर्यादा आहेत' अशी अनेकवचनात बोलली जाते, ती लिमिटेशन. मेल लिहिताना वाक्य आधी तुमच्या मनात मराठीत तयार होत असेल, तर त्याची लाज वाटू देऊ नका. उलट तिथेच थांबून क्रियापद कोणतं आलं ते बघा. शब्द कोणता घ्यायचा ते तिथेच कळेल.

लिमिट हा शब्द लॅटिनमधल्या 'लिमेस'वरून आलाय. दोन शेतांच्या मधली वाट, शेताची कड असा त्याचा अर्थ. म्हणजे आपला बांधच. बांधाच्या आत पाच एकर रान आहे, ही लिमिट. त्या पाचातलं दोन एकर मुरमाड आहे, तिथे ऊस धरत नाही, ही लिमिटेशन. शेजारचं रान विकत घेतलं की बांध पुढे सरकतो, मुरूम मात्र जागच्या जागीच राहतो. म्हणून लिमिटबद्दल 'किती?' किंवा 'कुठपर्यंत?' असं विचारता येतं आणि उत्तरात बहुधा आकडा, तारीख नाहीतर एखादी रेघ येते. लिमिटेशनबद्दल 'काय जमत नाही?' असं विचारायचं असतं. त्याचं उत्तर एका आकड्यात संपत नाही, एखादं वाक्य तरी लागतंच.

सोलापूरकराला हा फरक समजवायला लांब जायला नको. १९९२ मध्ये महापालिकेची हद्द वाढली. त्याला इतकी वर्षं झाली तरी जुळे सोलापूर आणि आसपासचा परिसर आपल्या बोलण्यात अजून 'हद्दवाढ भाग'च आहे. या हद्दीला इंग्रजीत 'म्युनिसिपल लिमिट्स' म्हणतात, आणि या अर्थाने शब्द नेहमी अनेकवचनी येतो, एस विसरू नका. खरेदीखतात 'महानगरपालिका हद्दीतील' असं असतं, तिथे इंग्रजी मसुद्यात 'विदिन द लिमिट्स ऑफ' हेच शब्द दिसतील. हद्द कागदावर एका दिवसात वाढली. पाणी, ड्रेनेज आणि पक्के रस्ते त्या वेगाने पोचले नाहीत. उजनीचं पाणी एवढ्या लांबून आणायचं, टाक्यांत चढवायचं आणि शेवटच्या कॉलनीपर्यंत दाबाने न्यायचं, यात कुठे ना कुठे कमी पडत आलं आणि कितीतरी वर्षं नळाला रोज पाणी आलं नाही. या महापालिकेच्या लिमिटेशन्स. लिमिट्स अधिसूचनेने वाढल्या. लिमिटेशन्स कमी करायच्या तर जलवाहिनी टाकावी लागते आणि पैसा उभा करावा लागतो.

हा फरक मी लांबवून सांगतोय, कारण धंद्याच्या मेलमध्ये त्यावरच पुढचं सगळं ठरतं. तुम्ही 'लिमिट' लिहिलंत की बायरला वाटतं, ही यांनी ठरवलेली गोष्ट आहे, बोलून वाढवून घेता येईल. तो रेट आणि लॉट यावर घासाघीस सुरू करतो. 'लिमिटेशन' लिहिलंत की तो समजतो, हे या मालाच्या किंवा मशीनच्या अंगातच आहे, आपल्यालाच दुसरा मार्ग धरायला हवा. मग तो रंग बदलतो, डिझाइन बदलतो किंवा आपल्या गिऱ्हाइकाला आधीच कल्पना देतो.

आता तुमच्याच मेलकडे येऊ. बायरने काय विचारलं होतं? हा रंग कुठे दगा देतो, असं. सुती टॉवेल गडद रंगात रंगवायला बहुतेक ठिकाणी रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हा रंग सुताशी रासायनिक बंधाने जोडला जातो, म्हणून साध्या धुण्यात चांगला पक्का राहतो. पण क्लोरीनच्या ब्लीचपुढे यातले बरेचसे रंग टिकत नाहीत. घरात टॉवेल साबणाच्या पावडरीत भिजतो आणि वाळत पडतो. हॉटेलातला टॉवेल लॉन्ड्रीत जातो. तिथे डाग काढायला ब्लीच वापरत असतील, आणि बहुधा वापरतात, तर गडद निळा टॉवेल काही धुण्यांतच फिका पडतो, कधी डागाडागाने उडतो. पोहण्याच्या तलावाच्या पाण्यातही क्लोरीन असतं, तिथल्या टॉवेललाही हाच धोका. बायरने 'हॉटेलसाठी' हे मेलमध्ये आधीच लिहिलं होतं, ते याचसाठी.

क्लोरीनला टिकाऊ रंग हवा तर व्हॅट रंगांकडे जावं लागतं. त्यांचीही लिमिटेशन आहे. हा रंग पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी रासायनिक प्रक्रियेने विरघळवायचा, सुतात शिरू द्यायचा आणि मग ऑक्सिडेशन करून पक्का करायचा. काम किचकट, खर्च जास्त, आणि काही शेड, विशेषतः भडक लाल, त्यात हव्या तशा उतरत नाहीत. यातलं बरंच तुम्हाला माहीत असेल, आणि नसेल तर रंगाईचं काम बघणाऱ्या तुमच्या डाइंग मास्टरना नक्की माहीत आहे. ताई, मला विचाराल तर तुमची खरी अडचण इथे झाली. तुम्ही शब्दाला अडखळलात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेल वाचून तुम्ही डाइंग विभागात गेला नाहीत. ऑफिसातल्या ऑफिसात जो आकडा ठाऊक होता तोच लिहून पाठवलात. 'लिमिटेशन्स' हा शब्द मेलमध्ये दिसला की खुर्चीतून उठायचं आणि मास्टरांना विचारायचं, "या मालाचं काय चालणार नाही?" मास्टर तेलुगूत सांगोत की मराठीत, ते सांगतील तेच बायरला हवं असतं.

उत्तर काहीसं असं जायला हवं होतं, आणि उशीर झाला असला तरी आजही जायला हरकत नाही: 'धिस शेड इज डाइड विथ रिॲक्टिव्ह डाइज. देअर मेन लिमिटेशन इज पुअर फास्टनेस टू क्लोरीन ब्लीच. इफ द हॉटेल लॉन्ड्री यूजेस क्लोरीन, वी सजेस्ट व्हॅट डाइज. अवर बॅच लिमिट इज ५०० केजी.' फास्टनेस म्हणजे रंगाचा पक्केपणा. दोन्ही शब्द आपापल्या जागी आले बघा. मात्र रंग रिॲक्टिव्हच आहे ना, एवढं पाठवण्याआधी विचारून घ्या.

त्या बायरने तुमच्या उत्तरावर गप्प न बसता पुन्हा विचारलं, हे तुमच्या कारखान्याच्या भल्याचंच झालं. 'ओके' म्हणून त्याने ऑर्डर टाकली असती आणि हॉटेलात टॉवेलचे रंग उडाले असते, तर क्लेम आला असता. ते भांडण शब्दावरून सुरू झालं असतं आणि पैशावर गेलं असतं.

तुमच्या कारखान्यात या दोन शब्दांचे नमुने पावलोपावली आहेत. तुमच्या फिटरला लिमिट स्विच माहीत असतो. सरकणारा भाग ठरलेल्या जागी पोचला की तो स्विच दाबला जातो आणि मोटर थांबते. त्याला लिमिटेशन स्विच कोणी म्हणत नाही, कारण तिथे उणीव कसलीच नाही, थांबायची जागा आहे. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे खात्यातून जास्तीत जास्त किती उचलता येतं ती रेघ, तशीच. लूमवर जास्तीत जास्त किती पन्ह्याचं कापड निघतं, तीही लिमिट. लिमिट वरचीच असते असंही नाही. ठरावीक नगांच्या खाली ऑर्डर घेत नाही, ही खालची लिमिट झाली. धुण्यात रंग किती पक्का राहतो याला प्रयोगशाळेत १ ते ५ असे गुण देतात, त्यात ५ सगळ्यात चांगला. बायर म्हणाला की ४ च्या खाली नको, तर तीसुद्धा लिमिट.

आता डॉबी लूम घ्या, म्हणजे ताण्याचे धागे फ्रेमने उचलून साधी नक्षी विणणारा माग. काठावरच्या पट्ट्या, चौकटी, लहान ठिपके त्यावर छान निघतात. पण हॉटेलचा गोल, वळणदार लोगो हवा असेल तर डॉबीवर तो विणता येत नाही, धागे सुटे सुटे उचलणारं जकार्ड लागतं. ही डॉबीची लिमिटेशन. ती आली कुठून? डॉबीला ठरावीक संख्येच्याच फ्रेम लावता येतात, त्यापलीकडे नाही. ही संख्या म्हणजे लिमिट. या लिमिटमधून ती लिमिटेशन जन्मली. बऱ्याचदा असंच असतं, आणि म्हणूनच दोन शब्द एकमेकांत मिसळतात. अशा वेळी आकडा सांगायचा असेल तर लिमिट, त्या आकड्याने काय अडलं ते सांगायचं असेल तर लिमिटेशन.

माणसाबद्दल बोलतानाही दोन्ही चालतात, पण अर्थ वेगळा होतो. 'आय नो माय लिमिट्स' म्हणजे मी कुठे थांबायचं ते मला कळतं, मग ते काम असो, खर्च असो की जागरण. 'आय नो माय लिमिटेशन्स' म्हणजे मला काय येत नाही ते मला ठाऊक आहे. नोकरीच्या मुलाखतीत या दोन वाक्यांची अदलाबदल झाली तर समोरचा भलताच अर्थ घेईल. रागाने 'हद्द झाली!' म्हणायचं असेल तर इंग्रजीत 'दॅट्स द लिमिट!' असा जुना वाक्प्रचार आहे, आणि लिमिट क्रॉस करणं तर आता मराठीतच आलंय. लिमिटेशन कोणी क्रॉस करत नाही, तिच्यावर मात करतात किंवा तिच्यासकट काम करतात.

काही ठिकाणी इंग्रजी स्वतःच ढिली आहे, तेही सांगतो. सरकारी नियमात किंवा करारात 'लिमिटेशन ऑन' असं बंधनाच्या अर्थाने येतं आणि तिथे 'लिमिट ऑन' लिहिलं तरी सहसा चूक ठरत नाही. करारातल्या 'लिमिटेशन ऑफ लायबिलिटी' या कलमात तर लिमिटेशन म्हणजे जबाबदारी सीमित करण्याची कृती. त्या कलमाच्या पोटात जो आकडा असतो तो लिमिट. बायरबरोबरच्या पुरवठ्याच्या करारात हे कलम पुष्कळदा असतं. त्यातला आकडा कुणाची जबाबदारी सीमित करतो, त्यांची की तुमची, हे सही करण्याआधी मालकांना वाचून दाखवा. 'एज लिमिट', 'टाइम लिमिट', 'वेट लिमिट' यांत मात्र ढिलाई नाही. तिथे लिमिटेशन लिहिलं तर वाचणारा अडखळतोच, आणि ही चूक इंग्रजी माध्यमातून शिकलेले लोकही सर्रास करतात.

हा गुंता फक्त धंद्यातला नाही. एम.एड. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना प्रबंधात याच ठिकाणी घाम फुटतो. मराठी प्रबंधात 'व्याप्ती, मर्यादा व परिमर्यादा' असा ठरलेला मथळा असतो आणि पुष्कळ जण दोन्हीखाली तेच ते लिहितात. संशोधकाने स्वतःहून रेघ आखली, समजा फक्त उत्तर सोलापूर तालुक्यातल्या मराठी शाळा घेतल्या, तर ती परिमर्यादा, इंग्रजीत डीलिमिटेशन. प्रश्नावली भरून देणाऱ्यांनी खरंच लिहिलं की नाही हे तपासता आलं नाही, ही मर्यादा, म्हणजे लिमिटेशन. डीलिमिटेशन हा शब्द सोलापूरला निवडणुकीमुळेही माहीत आहे. मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि २००९ च्या निवडणुकीपासून सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, माढा हा नवा मतदारसंघ आला. त्या रेघा आखण्याचं नाव डीलिमिटेशन. दिसायला लिमिटेशनच्या जवळचा वाटतो, पण अर्थाने हा शब्द लिमिटचा सख्खा आहे.

आता मालकांचं. चारचौघांत असं बोलायला नको होतं, हे मी ठामपणे म्हणेन. ज्या बाईने इतकी वर्षं बँकेपासून बायरपर्यंत सगळं एकटीने ओढलं, तिची चूक केबिनमध्ये बोलावून सांगता येत होती. आणि दहावीच्या मुलाला हा फरक सांगता येतो, हेही खरं नाही. मालक निवांत असतील तेव्हा, एकटे असताना, त्यांना एवढंच म्हणा: "साहेब, चूक झाली ती मी दुरुस्त केली. पुढे काही चुकलं तर मला बोलावून सांगा, स्टाफसमोर नको." आवाज चढवू नका आणि रडूही नका. सोबत बायरला पाठवायच्या दुरुस्त मेलचा मसुदा त्यांच्या हातात द्या. बोलण्यापेक्षा तो कागद जास्त काम करेल असं मला वाटतं.

मेलचं काम त्या नव्या मुलीकडे देऊन टाकू नका. लिमिट आणि लिमिटेशन यांतला फरक तिला ठाऊक असेलही. पण रिॲक्टिव्ह म्हणजे काय, लॉट ५०० किलोचाच का, शेड जुळली नाही तर मास्टर काय करतात, हे तिला आज ठाऊक नाही. बायरला इंग्रजी थोडं इकडेतिकडे झालेलं चालतं, माल चुकलेला चालत नाही. मसुदा तुम्ही करा, पाठवण्याआधी तिला एकदा वाचायला द्या, आणि तिने शब्द बदलला तर का बदलला ते विचारा. बदल्यात आठवड्यातून एकदा तिला डाइंगमध्ये घेऊन जा. ती वयाने लहान आहे म्हणून विचारायला संकोच वाटेल, पण तो फार टिकणार नाही. तुम्ही तिला विचारलंत की तीही तुम्हाला मोकळेपणाने विचारू लागेल. तिलाही या ऑफिसात कोणीतरी आपलं वाटायला हवंच आहे.

एक सवय लावून घ्या. बायरच्या मेलमध्ये अडलेला शब्द आला की डिक्शनरीतला मराठी अर्थ बघून थांबू नका, त्या शब्दाची दोन-तीन वाक्यं वाचा. डिक्शनरीत अर्थाच्या खाली ती दिलेलीच असतात. 'मर्यादा' हा अर्थ तुमची फसगत करेल, पण 'स्पीड लिमिट' आणि 'द ड्रग हॅज सीरियस लिमिटेशन्स' ही दोन वाक्यं शेजारी वाचली तर करणार नाही.

राहिली तुमच्या सीएंची लिमिटेशन. हा कोर्टाचा शब्द आहे आणि वर सांगितलेला उणिवेचा अर्थ इथे लागू करू नका. इथे लिमिटेशन म्हणजे दावा लावायची मुदत. १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टला आपल्याकडचे वकील मुदतीचा कायदा म्हणतात. विकलेल्या मालाचे पैसे वसूल करायचा दावा ३ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. उधारीचे दिवस ठरलेले नसतील तर ही ३ वर्षं माल पोचवल्यापासून मोजतात, आणि उधारी ठरलेली असेल, समजा ६० दिवसांची, तर ती संपल्यापासून. मुदत उलटली की दावा मुदतबाह्य, इंग्रजीत 'बार्ड बाय लिमिटेशन'. समोरच्याने हा मुद्दा काढला नाही तरी कोर्ट तो दावा फेटाळतं. म्हणून सीए घाई करतायत, आणि त्यांचं बरोबर आहे.

मुदत नव्याने सुरू होण्याचा एक मार्ग कायद्यातच आहे. ३ वर्षं संपायच्या आत त्या व्यापाऱ्याने बाकी मान्य असल्याचं लेखी आणि सहीनिशी दिलं, तर सही झाल्या दिवसापासून पुन्हा ३ वर्षं मोजतात. मार्चअखेरीला तुम्ही सगळ्यांना बॅलन्स कन्फर्मेशनची, म्हणजे 'एवढी बाकी मान्य आहे' अशी सही मागणारी, पत्रं पाठवत असाल आणि ती सही होऊन आली की फाइलला लावून विसरून जात असाल, तर ती फाइल आज काढा. त्या व्यापाऱ्याची सही असलेलं एखादं पत्र त्यात असेल तर तुमची मुदत त्या सहीच्या तारखेपासून धरता येईल. मात्र मुदत संपल्यावर घेतलेल्या सहीने हे साधत नाही, आणि फोनवर "देतो की ओ, कुठं पळून चाललोय का" म्हटल्यानेही नाही.

अडीच वर्षं होत आली म्हणता, म्हणजे हातात काही महिनेच उरलेत. आधी गोडीने पत्र पाठवून सही मिळते का बघा, पण तिची वाट बघत बसू नका. याच आठवड्यात बिल, एलआर (ट्रान्सपोर्टची पावती), खातेउतारा आणि ती जुनी पत्रं घेऊन वकिलांकडे जा आणि पहिला प्रश्न हाच विचारा की आपली शेवटची तारीख कोणती.